रानपिंगळ्याचा फोटो आणि चाळीस पावलांचं अंतर

आज आपण शेळ्या, शिलाई मशीन किंवा कर्जाचा हप्ता यांबद्दल बोलणार नाही. आज बोलायचं आहे एका पक्ष्याबद्दल, आणि त्याचा फोटो काढायला लांबून येणाऱ्या पाहुण्यांबद्दल. हा पक्षी आहे रानपिंगळा. सातपुड्याच्या पायथ्याची गावं, मेळघाट, इकडे तानसा आणि पालघरची जंगलं, या भागातल्या बायकांनी सरपण आणताना, मोहफुलं वेचताना त्याला पाहिलंही असेल. पण हा साधा पिंगळा नव्हे, हे सगळ्यांना माहीत असतंच असं नाही.

आम्ही सहयोगिनी गावोगाव बैठका घेतो, तेव्हा या पाहुण्यांचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. एक म्हणजे, एवढ्याशा घुबडासाठी ही माणसं लाखालाखाचे कॅमेरे घेऊन का येतात? आणि दुसरा, त्यातून गटाला चार पैसे मिळतील का? दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. उत्तरंही एकमेकांना जोडलेली आहेत. ती नीट समजून घेऊ.

हरवलेला आणि सापडलेला पक्षी

आधी ओळख करून घेऊ. आपल्या गावात चिंचेवर, पडक्या भिंतीत, विजेच्या खांबावर दिसतो तो साधा पिंगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. तो संध्याकाळ झाली की बाहेर पडतो आणि चिरचिर आवाज करतो. पहाटे दारात येऊन भविष्य सांगणारा पिंगळा जोशी याच पक्ष्याच्या नावाने ओळखला जातो. रानपिंगळा त्याचा जंगलातला भाऊबंद. आकाराने साधारण साळुंकीएवढा. डोक्यावरचे ठिपके अगदी पुसट, छाती गडद तपकिरी, पोट पांढरं, पंखांवर आणि शेपटीवर ठळक पट्टे. आणि मोठा फरक म्हणजे तो दिवसा जागा असतो. सागाच्या विरळ जंगलात, उघड्या फांदीच्या शेंड्यावर बसून तो सरडे, टोळ, उंदीर टिपतो.

१८७३ साली ॲलन ह्यूम यांनी या पक्ष्याची शास्त्रीय नोंद केली. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचं नाव येतं, तेच हे ह्यूम. त्या काळी नवा पक्षी सापडला हे सिद्ध करायचं तर तो मारावा लागे. बंदुकीने पाडायचा, कातडं सोलायचं, आत कापूस भरायचा आणि संग्रहालयात ठेवायचा. जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या खानदेशातून असे काही रानपिंगळे मिळवले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कुणालाच दिसेना. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे फक्त सात नमुने होते.

त्यातला एक नमुना १९१४ साली गुजरातेत मिळाला असं एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने लिहून ठेवलं होतं. माइनर्ट्झहागेन त्याचं नाव. लोक त्या पत्त्यावर शोध घेत राहिले, पण पक्षी काही मिळाला नाही. शेवटी पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी ती लबाडी उघडी पाडली. दुसऱ्याने गोळा केलेला जुना नमुना चोरून, उसवून, पुन्हा शिवून त्याने तो आपला म्हणून दाखवला होता. खोटा पत्ता बाजूला काढल्यावर खरे पत्ते उरले, ते डेव्हिडसनच्या काळातले. त्या आधारावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघं शोध घेत नंदुरबार जिल्ह्यात पोहोचले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, भर दिवसा उघड्या झाडावर त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी!

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या वेळी पुरावा म्हणून कुणी पक्षी मारला नाही. त्याचे फोटो काढले, व्हिडिओ काढला. जग मानायला तेवढं पुरलं. बंदुकीचं काम कॅमेऱ्याने केलं आणि पक्षी त्याच झाडावर जिवंत राहिला. लांबून फोटो काढण्याचं मोल इथे कळतं.

त्यानंतर मेळघाटात, यावलच्या बाजूला, मध्य प्रदेशात, २०१४ साली मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही तो दिसला. म्हणून २०१८ मध्ये जगाच्या धोक्याच्या यादीत तो 'अत्यंत धोक्यात' या पायरीवरून 'धोक्यात' या पायरीवर आला. म्हणजे संकट टळलं असं नाही. हा पक्षी फक्त मध्य भारतात सापडतो, जगात दुसरीकडे कुठेच नाही. म्हणूनच त्याला पाहायला माणसं एवढ्या लांबून येतात.

ती लांब नळी म्हणजे काय

आता त्यांच्या कॅमेऱ्याकडे वळू. कॅमेऱ्याला पुढे जी हातभर नळी लावलेली असते, तिला टेलिफोटो लेन्स म्हणतात. लांबचं जवळ आणणारं भिंग. त्याचा आकडा मिलिमीटरमध्ये सांगतात. ५० मिलिमीटरच्या भिंगातून साधारण आपल्या डोळ्याला दिसतं तेवढंच दिसतं. ५०० मिलिमीटरचं भिंग त्याच्या दहापट मोठं दाखवतं. म्हणजे तीस मीटरवरचा पक्षी तीन मीटरवर बसल्यासारखा दिसतो.

तुम्ही म्हणाल, आमच्या मोबाईलमध्येही मोठं करता येतं की. येतं, पण बहुतेक मोबाईल एका मर्यादेनंतर काढलेलं चित्रच नुसतं ताणतात. पोळी कितीही मोठी लाटली तरी कणीक तेवढीच असते ना, ती फक्त पातळ होत जाते. तसंच ते. लांब भिंग मात्र पक्ष्याकडून येणारा उजेडच मोठा करून आत घेतं, म्हणून पिसान् पीस दिसतं.

या भिंगांची किंमतही ऐकून ठेवा. हौशी माणसाचं चांगलं भिंग लाखाच्या आसपास जातं आणि दोन किलोच्या घरात भरतं. ६०० मिलिमीटरचं मोठं भिंग तीन किलोपर्यंत असतं आणि त्याची किंमत दहा लाखांच्या वर जाते. एवढं जड आणि एवढं मोठं दाखवणारं भिंग हातात धरलं, की श्वास घेतला तरी चित्र हलतं. म्हणून ती माणसं तीन पायांची घोडी लावतात, किंवा धान्य भरलेली कापडी पिशवी गाडीच्या खिडकीवर ठेवून त्यावर भिंग टेकवतात. ही पिशवी म्हणजे जाड कापडाची, दोन कप्प्यांची, तांदूळ किंवा वाल भरायची साधी शिवण आहे. ज्या गटाकडे शिलाई मशीन आहे, त्यांनी एखादी शिवून पाहायला हरकत नाही. पाहुणा विमानाने आला तर रिकामी पिशवी घेऊन येतो आणि धान्य गावात विकत घेतो.

ही माणसं पहाटे का निघतात, तेही समजून घ्या. तापलेल्या तव्यावरची हवा कशी थरथरते, तशी दुपारी जमिनीवरची हवा थरथरते. लांबच्या भिंगात ती थरथर पण मोठी होऊन येते आणि फोटो धूसर निघतो. म्हणून सकाळचे पहिले दोन-तीन तास आणि संध्याकाळचा शेवटचा एक तास कामाचा. मधल्या वेळेत पाहुण्याला जेवण लागतं, सावली लागते, पाठ टेकायला जागा लागते. गटाचं काम तिथे आहे.

मग जवळ जायचा मोह का होतो

एवढं लांबचं दिसतं, तर मग पक्ष्याजवळ जायचं कारणच काय? कारण रानपिंगळा लहान आहे. ५०० मिलिमीटरच्या भिंगातून तीस मीटरवरचा रानपिंगळा मोठ्या कॅमेऱ्याच्या चित्राच्या उंचीचा साधारण सहावा हिस्सा भरतो. दहा मीटरवर गेलं की अर्धं चित्र भरतं. शेजारच्याने डोळ्यातली बुबुळं टिपली, मग मलाही तशीच हवीत. पाऊल पाऊल पुढे जायचा मोह तिथे होतो.

असाच प्रकार साता समुद्रापलीकडे एका मोठ्या घुबडाबाबत घडला आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ माळावर राहणारं पांढरंशुभ्र घुबड हिवाळ्यात कॅनडा आणि अमेरिकेच्या शेतांमध्ये उतरतं. तेही दिवसा दिसतं, उघड्यावर बसतं, म्हणून फोटो काढणाऱ्यांची गर्दी होते. काही जण दुकानातून पांढरे उंदीर विकत आणून बर्फावर सोडतात, म्हणजे घुबड झेपावत थेट कॅमेऱ्याकडे येतं. फोटो भारी मिळतो. पण पक्षी शिकतो की माणूस म्हणजे खाणं, रस्ता म्हणजे खाणं. तो रस्त्याच्या कडेला उतरू लागतो आणि गाडीखाली येऊ शकतो. तिथल्या जाणत्या फोटोवाल्यांनीच आता याला नकार द्यायला सुरुवात केली आहे.

आपल्याकडे दुसरी एक युक्ती चालते. मोबाईलवर रानपिंगळ्याचा आवाज वाजवायचा. पक्ष्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला. तो शिकार सोडून, घरट्यावरची राखण सोडून त्याला हुसकावायला येतो. चुलीवर दूध ठेवावं आणि कुणीतरी दारात येऊन उगाच भांडण काढावं, तसं हे. एकदा झालं तर दूध वाचेल. रोज दहा पाहुण्यांनी तेच केलं तर काय होईल? रानपिंगळ्याची मादी झाडाच्या ढोलीत अंडी उबवते आणि नर तिला खाणं आणून देतो. तो भांडणात गुंतला, तर आत बसलेली मादी उपाशी राहते.

पक्षी घाबरला हे ओळखायचं कसं? ते शहरातल्या पाहुण्यापेक्षा तुम्हाला लवकर कळेल. निवांत बसलेला रानपिंगळा अंग फुगवून, इकडे तिकडे बघत बसतो. घाबरला की अंग चोरून काठीसारखा बारीक होतो, तुमच्याकडे टक लावतो, डोकं वर-खाली करतो, शेपटी डावी-उजवीकडे झटकतो. एवढं दिसलं की दोन पावलं मागे. तो उडाला तर त्याच्या मागे जायचं नाही. उडालेल्या घुबडाला बाकीचे पक्षी गोंगाट करून हैराण करतात, आणि त्याचा सकाळचा शिकारीचा वेळ वाया जातो.

पैसे कशाचे घ्यायचे

आता गटाच्या कामाची गोष्ट. वाट दाखवणं, जेवण देणं, मुक्कामाला खोली देणं, यातून उत्पन्न होऊ शकतं. पण मैत्रिणींनो, पैसे कशाचे घेतो, यावर पक्ष्याचं मरण-जगणं ठरतं. हे थोडं नीट ऐका.

समजा, वाटाड्याला पाहुण्याने सांगितलं, "घुबड दाखवलंस तर पाचशे, नाही दाखवलंस तर काही नाही." तर तो बिचारा काय करणार? घरी मुलांची फी भरायची आहे. तो झाडावर दगड मारेल, ढोलीवर काठी वाजवेल, आवाज वाजवेल. त्याची चूक म्हणता येणार नाही, व्यवहारच तसा ठरला. हाच व्यवहार आपण उलटा करू. दर वेळेचा ठरवायचा, पक्ष्याचा नाही. सकाळच्या चार तासांचा एक दर. पक्षी दिसला तरी तेवढेच, नाही दिसला तरी तेवढेच. दिसला म्हणून वरचं बक्षीस दिलंच, तर ते वाटाड्याच्या खिशात नाही, गटाच्या खात्यात जमा. मग पक्ष्याला उठवण्यात कुणाचाच फायदा उरत नाही.

दुसरं, सुरुवात परवानगीपासून. अभयारण्यात आणि राखीव जंगलात वन विभागाच्या परवानगीशिवाय पाहुणा न्यायचा नाही. आधी आपल्या वनरक्षकाशी, मग वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांशी बोला. गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिच्यासमोर आणि ग्रामसभेत विषय ठेवा. गटाच्या बायकांनी केलेले नियम ग्रामसभेच्या ठरावात आले की त्यांना वजन येतं.

नियम मोजके ठेवा, म्हणजे लक्षात राहतात. आम्ही बैठकीत हे सुचवतो.

एक, बसलेल्या पक्ष्यापासून चाळीस पावलं लांब थांबायचं. म्हणजे साधारण तीस मीटर. हा आकडा कायद्यात लिहिलेला नाही. मोजायला सोपा म्हणून घ्यायचा. पक्षी घाबरला तर तिथूनही मागे.

दोन, घरटं असलेल्या झाडाकडे कुणालाच न्यायचं नाही. भिंग कितीही लांबचं असो.

तीन, एका वेळी चार माणसं, एका पक्ष्याजवळ वीस मिनिटं. मग उठायचं.

चार, आवाज वाजवायचा नाही, उंदीर-सरडा टाकायचा नाही, आडवी येणारी फांदी तोडायची नाही, फ्लॅश मारायचा नाही.

पाच, फोटो कुठेही टाकताना झाडाचा, नाल्याचा, पाड्याचा पत्ता द्यायचा नाही. तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं नाव पुरे.

पाहुणा रुसेल का? एखादा रुसेल. त्याला सांगायचं, "दादा, तुमचं भिंग एवढं लांबचं आहे ते कशासाठी? फोटो नंतर कापून मोठा करता येतो, आणि आजूबाजूचा सागही त्यात येऊ द्या. हा पक्षी कुठे राहतो ते लोकांना कळेल." चांगल्या फोटोवाल्याला हे पटतं. ज्याला पटत नाही, त्याच्यासाठी पक्षी गमवायचा का, याचा विचार गटाने करायचा. पक्ष्याने झाड सोडलं तर पुढच्या वर्षी ना हा पाहुणा येणार, ना दुसरा.

अपशकुन कुणाचा

शेवटचा विषय थोडा नाजूक आहे. पत्ता का द्यायचा नाही? कारण घुबडाला शोधणारे सगळेच कॅमेरा घेऊन येत नाहीत. जादूटोण्यासाठी, गुप्तधनाच्या नादाने घुबडं पकडली जातात आणि विकली जातात. ट्रॅफिक या वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने २०१० साली भारतातल्या या व्यापारावर अहवाल काढला. दिवाळीच्या सुमारास ही मागणी वाढते, असं त्यात म्हटलं आहे. गंमत बघा, लक्ष्मीचं वाहन म्हणून ज्याला आपण चित्रात पाहतो, त्याचाच लक्ष्मीपूजनाच्या दिवसांत बळी दिला जातो.

घुबड घरावर बसलं की कुणीतरी जाणार, असं आपल्या आज्या सांगायच्या. पण घुबड घरावर बसतं ते उंदरासाठी. घरात धान्य आहे, धान्याला उंदीर आहेत, आणि उंदरांमागे घुबड आहे. गव्हाणी घुबड तर शेतकऱ्याचं बिनपगारी राखणदार. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात इला फाउंडेशनने २०१८ साली घुबडांचा महोत्सवच भरवला होता. शाळेची मुलं, शहरातली माणसं घुबडाबद्दल जाणून घ्यायला त्या छोट्या गावात आली. ज्याला अपशकुनी म्हणत होतो, त्याच्यामुळे गावात माणसं आली.

कायदाही माहीत असू द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणं, मारणं, विकणं गुन्हा आहे. पक्ष्याच्या घरट्याला आणि अंड्यांना त्रास देणं हेही कायद्याच्या भाषेत शिकारच. रानपिंगळा पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. कुणी घुबड पकडताना किंवा विकताना दिसलं, तर वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. एकटीने भांडायला जाऊ नका. गटातल्या दोघी-तिघींना सोबत घ्या.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पंधरा मिनिटं या विषयाला द्या. आपल्या शिवारात रानपिंगळा कुणी पाहिला आहे का, कोणत्या झाडावर, कोणत्या महिन्यात, हे एकमेकींना विचारा आणि रजिस्टरमध्ये लिहून ठेवा. ते रजिस्टर गावातच राहू द्या. मग अंगणात उभ्या राहून चाळीस पावलं मोजून बघा. समोर एक तांब्या ठेवा आणि तो किती लहान दिसतो ते पाहा. म्हणजे पाहुण्याला जवळ का जावंसं वाटतं ते कळेल, आणि आपल्याला त्याला कुठे थांबवायचं आहे तेही कळेल. ज्या पक्ष्याला जग ११३ वर्षं शोधत होतं, तो सगळा वेळ आपल्याच सागाच्या झाडांवर बसलेला होता. सरपणाला जाणाऱ्या बायकांनी त्याला तेव्हाही पाहिलं असणार. फक्त त्यांना कुणी विचारलं नाही. आता विचारायला येतात. तेव्हा काय दाखवायचं, किती लांबून दाखवायचं आणि त्याचे पैसे कसे घ्यायचे, हे गटाने बसून ठरवा.